स्वस्त गारव्याची घरघर

वैशाख लागला कीं आमच्या चंद्रपूर-मोहर्लीच्या मुलखांत घरोघर एक आवाज सुरू होतो, तो मृगाच्या सरी येईपर्यंत थांबत नाहीं. हा आवाज पत्र्याच्या कूलरचा. खिडकीशीं लोखंडी स्टँडवर तो चौकोनी पेटारा उभा राहतो, त्याच्या तीन बाजूंस वाळ्याच्या नाहीं तर वुडवूलच्या ताट्या लागतात, तळाशीं बसविलेला लहानसा पंप पाणी वर चढवूं लागतो, आणि आंतला पंखा सारें घर दणाणून सोडतो. पारा ४५ अंशांच्या पलीकडे, कधीं ४७ वरही चढलेला असतां या पेटाऱ्याचे उपकार कोण नाकारील? आमच्या कोरड्या हवेंत ओल्या ताट्यांतून येणारा वारा बाहेरच्या हवेहून १०-१५ अंशांनीं थंड असतो, आणि वातानुकूलित यंत्र ज्यांस परवडत नाहीं त्यांची दुपार त्यावर निभावते. परंतु या उपकाराबरोबर त्यानें आमच्या लोकांच्या मनांत एक चुकीची समजूतही रुजवून ठेविली आहे. ती अशी कीं, जेथें आवाज मोठा तेथें वारा मोठा, आणि जेथें वारा मोठा तेथें गारवा मोठा.

हीच समजूत आतां संगणकाच्या पेटींत शिरली आहे, म्हणून तिच्याविषयीं कांहीं लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

हल्लीं वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांत सुटे भाग आणून स्वतः संगणक जोडण्याची हौस वाढली आहे. हौस चांगलीच आहे. ज्या मुलानें किंवा मुलीनें एकदां आपल्या हातानें यंत्र जोडलें, त्यांस त्याच्या पोटांत काय चालतें हें निराळें शिकवावें लागत नाहीं. परंतु प्रोसेसर कोणता, मेमरी किती, यांचा आठवडे-आठवडे खल करणारा विद्यार्थी शीतक निवडण्याची वेळ आली म्हणजे चित्राला भुलतो. दोन काळ्या नळ्या, त्यांतून फिरणारें पाणी, कांचेच्या दाराआड रंगीत दिव्यांनीं झगमगणारे दोन पंखे, आणि किंमत म्हणावी तर चार-सहा हजार रुपये! मग बाबांजवळ हट्ट धरला जातो, आणि बाबाही फार ताणून धरीत नाहींत. कारण “पाण्यानें थंड होणारें यंत्र” हे शब्द कानीं पडल्यावर चंद्रपूरच्या उन्हांत जन्म काढलेल्या माणसास नको म्हणण्याचें बळ राहत नाहीं.

आमचें म्हणणें असें आहे कीं, या स्वस्त लिक्विड कूलरांत जी काटकसर केलेली असते ती बहुतेक पंख्यांत केलेली असते, आणि तिची फेड घरांतील सर्व माणसांस आवाजाच्या रूपानें करावी लागते. आवाज हा किंमतीचाच एक भाग धरून मग खरेदीचा विचार करावा. तसा विचार केला तर बहुतेक विद्यार्थ्यांच्या कामास, तितक्याच किंवा त्याहून कमी पैशांत मिळणारा, चांगल्या पंख्याचा साधा हवेचा कूलरच अधिक योग्य ठरतो.

प्रथम पाण्याची योग्यता न्यायानें सांगितली पाहिजे. उष्णता वाहून नेण्याच्या कामीं पाण्यासारखा हमाल नाहीं. सारख्या आकारमानाचें पाणी आणि हवा घेतली, तर तितक्याच अंशांनीं तापतांना पाणी हवेच्या सुमारें ३,५०० पट उष्णता सामावून घेतें. विद्यार्थ्यांनीं हें गणित करूनच पाहावें. प्रोसेसर १५० वॅट उष्णता बाहेर टाकीत आहे, आणि ती नेणारा पदार्थ १० अंशांहून अधिक तापूं द्यावयाचा नाहीं, असें धरा. हें काम पाण्याकडे दिलें तर दर सेकंदास ३.६ मिलिलिटर पाणी, म्हणजे एक लहान चमचाभरही नव्हे, एवढें पुरतें. तेंच हवेकडे दिलें तर दर सेकंदास १२ लिटरांहून अधिक हवा खेळवावी लागते. ताडोबाचा वाघ उन्हाळ्याच्या दुपारीं मागील अंगानें पाणवठ्यांत उतरून घटकान् घटका बसून राहतो, त्यास हें गणित कोणी शिकविलेलें नाहीं. परंतु त्याचें उत्तर त्यास ठाऊक आहे.

मोठ्या संगणकांसही हाच मार्ग धरावा लागला. अकोला जिल्ह्यांतील मुरंबा गांवीं जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला, हें आपल्या विदर्भास भूषणावह आहे. त्याच कुळांतील ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक २०१९ सालीं पुण्याच्या आयसर संस्थेंत बसविण्यांत आला, तेव्हां त्याच्या तापणाऱ्या भागांपर्यंत थेट पाणी नेऊन त्यांस थंड ठेवण्याची योजना करण्यांत आली. तेव्हां पाण्यानें संगणक थंड करणें ही कल्पना पोरखेळ आहे, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं.

परंतु पाणी उष्णता वाहून नेतें. तें ती नाहींशी करीत नाहीं. हा भेद नीट ध्यानांत यावा म्हणून घराजवळचेंच उदाहरण घेऊं. मोहर्लीच्या बाजूस पसरलेला इरई धरणाचा विस्तीर्ण जलाशय सर्वांनीं पाहिलेला आहे. या धरणाचें पाणी चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रास जातें. तें केंद्र २,९२० मेगावॅट क्षमतेचें आहे. तेथें चक्रें फिरवून बाहेर पडलेली वाफ याच पाण्याच्या गारव्यानें पुनः पाणी होते. मात्र वाफेपासून घेतलेली ती प्रचंड उष्णता पाण्यास आपल्याजवळ ठेवतां येत नाहीं. शीतक मनोऱ्यांतून ती अखेर चंद्रपूरच्या हवेंतच सोडावी लागते. संगणकाच्या लिक्विड कूलरांत नेमकें हेंच, बोटभर नळ्यांत, घडत असतें. प्रोसेसरवर तांब्याची चकती बसविलेली असते. तिच्यावरून पंप पाणी फिरवितो, तापलेलें पाणी नळीनें रेडिएटरांत जातें, आणि रेडिएटरच्या पातळ पट्ट्यांमधून पंखे हवा लोटतात, तेव्हां कोठें तें निवतें. म्हणजे १२ लिटर हवेची गरज पाण्यानें टाळली नाहीं. ती हवा कोठें खेळवावयाची, एवढी जागा मात्र बदलली. अखेरचें काम पंख्याचें तें पंख्याकडेच राहिलें, आणि पंखा तर सर्वांत स्वस्त पाहून घातलेला!

आतां या पंख्याकडे जरा बारकाईनें पाहूं.

लहान पंख्यांत चांगलें-वाईट काय असावयाचें, असें पुष्कळांस वाटतें. पातीं फिरलीं, वारा आला, झालें. परंतु रेडिएटरसमोरचा पंखा हा छताच्या पंख्यासारखा मोकळ्या हवेंत फिरत नाहीं. दाट पट्ट्यांच्या भिंतींतून त्यास हवा रेटावयाची असते. म्हणून त्याच्या ठायीं दोन गुण लागतात, हवा पुष्कळ हलविण्याचा आणि अडथळ्यापुढें न हटण्याचा. पेटीवर या दोन्ही गुणांचे आंकडे छापलेले असतात आणि दोन्ही मोठे असतात. वाचणारास वाटतें कीं दोन्ही एकाच वेळीं मिळतील. तसें होत नाहीं. बागेंतल्या पाण्याच्या नळीचें तोंड पूर्ण उघडें असतांना पाणी किती पडतें हा एक आंकडा, आणि तोंडावर अंगठा घट्ट दाबून धरला असतां आंतून जोर किती लागतो हा दुसरा. पंख्याचे ते दोन आंकडे अशाच दोन उलट स्थितींत मोजलेले असतात. प्रत्यक्ष काम त्या दोहोंच्या मध्यें कोठें तरी चालतें, आणि तेथें चांगला पंखा व वाईट पंखा वेगळे पडतात.

तें वेगळेपण कोठून येतें? पात्याचें टोंक आणि भोंवतालची चौकट यांमध्यें एक फट असते. पुढें लोटलेली हवा या फटींतून मागें पळूं पाहते. फट जितकी मोठी तितकी हवा अधिक पळते आणि तितका आवाजही वाढतो. ऑस्ट्रियांतील नोक्टुआ कंपनीनें २०१८ सालीं १२० मिलिमीटरचा जो पंखा बाजारांत आणला, त्यांत ही फट अवघी अर्धा मिलिमीटर ठेवलेली आहे. त्यासाठीं पात्यांचें प्लॅस्टिक असें निवडावें लागलें कीं, उष्णतेनें व फिरण्याच्या ताणानें तें वर्षानुवर्षें लांबूं नये. लांबलें तर टोंक चौकटीस घांसेल. स्वस्त पंख्याचें साधें प्लॅस्टिक ही खात्री देऊं शकत नाहीं. म्हणून कारखानदार फट मोठी ठेवतो, आणि हवा जी कमी पडते ती भरून काढण्यासाठीं पंख्याचा वेग वाढवितो.

येथेंच घरघरीचा उगम आहे. पंख्याचा वेग वाढविला तर हवा त्याच प्रमाणांत वाढते. परंतु त्यास लागणारी शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते, आणि आवाज तर झपाट्यानें चढतो. मिनिटास २,००० फेरे घेणारा पंखा १,२०० फेऱ्यांवर आणला तर हवा ४० टक्क्यांनीं कमी होते, पण आवाज सुमारें ११ डेसिबेलांनीं उतरतो. कानाच्या हिशेबानें १० डेसिबेल म्हणजे ढोबळ मानानें निम्मा आवाज. उलट, २,००० फेऱ्यांवरून आणखी थोडी हवा मिळविण्याची हांव धरली तर पदरीं पडतो तो बहुतांशीं गोंगाट. आवाज मोठा तर गारवा मोठा या समजुतींत किती तथ्य आहे, तें यावरून दिसेल. आपल्या घरांतील छताचा पंखा मोठा असतो, सावकाश फिरतो, आणि सर्वांहून अधिक हवा हलवूनही बहुधा मुकाट राहतो.

आवाज केवळ मोठा असतो म्हणूनच त्रास देतो असेंही नाहीं. एका पंख्यास ९ पातीं आहेत व तो मिनिटास १,८०० फेरे घेतो असें समजा. दर सेकंदास २७० वेळां पातें चौकटीच्या दांड्यांपुढून जातें, आणि त्या कंपसंख्येचा एक बारीक सूर निघतो. शेजारचा दुसरा पंखा त्याच जातीचा, परंतु स्वस्ताईच्या ढिलाईनें १,७८० फेरे घेणारा. त्याचा सूर २६७ कंपांचा. हे दोन सूर एकमेकांत मिसळले म्हणजे सेकंदास तीन वेळां आवाज फुगतो आणि ओसरतो, फुगतो आणि ओसरतो. गवई तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा जुळवितांना हीच लाट ऐकत असतो. ती मंद होत होत नाहींशी झाली म्हणजे तारा जुळल्या असें तो समजतो. संगणकाच्या पेटींत जुळविणारा कोणी नसतो, आणि ती लाट रात्रभर चालू राहते. पावसासारखा एकसारखा आवाज माणूस विसरूं शकतो. हा विसरतां येत नाहीं.

तिसरी गोष्ट बेअरिंगची. स्वस्त पंख्याचा दांडा बहुधा तेल घातलेल्या साध्या बुशांत फिरतो. नवा असतांना तो अगदीं गोड चालतो, आणि दुकानांत ऐकणारा फसतो तो यामुळेंच. पुढें उष्णतेनें तेल आटतें, बुश झिजतो, आणि खरखर सुरू होते. आमच्या जिल्ह्यांत हें इतर ठिकाणांहून लवकर घडावें यांत नवल नाहीं. चांगल्या पंख्यांत तेल कोंडून ठेवलेलें असतें व दांडा त्या तेलाच्या थरावर जणूं तरंगत फिरतो. तो महाग असतो, परंतु टिकतो. पेटीवर आयुष्याचे तास छापलेले असतात, ते किती अंश तपमानास मोजले आहेत हें पाहावें. पुष्कळ वेळां तें छापलेलेंच नसतें.

पंपाविषयीं थोडेंच सांगावयाचें आहे. त्याची शीळ बारीक पण भेदक असते. शिवाय पंप हा नळ्यांच्या वाटेंतील सर्वांत उंच भाग असेल तर आंतली हवा त्यांत सांचते व तो गुळगुळ आवाज करूं लागतो. रेडिएटर पंपाहून उंचावर बसविला कीं हा दोष टळतो.

आतां पेटीवरील आवाजाचा आंकडा. समजा तेथें ३३ डेसिबेल असें छापलें आहे. हा आंकडा बहुधा एका पंख्याचा असतो, तोही निःशब्द खोलींत, एक मीटर अंतरावरून, समोर रेडिएटर नसतांना मोजलेला. पंखे दोन आहेत, म्हणून ३ डेसिबेल वाढवा, ३६ झाले. विद्यार्थी पेटीपासून मीटरभर नव्हे, हातभर अंतरावर बसतो. अंतर निम्मे झालें कीं सुमारें ६ डेसिबेल वाढतात, ४२ झाले. पंप यांत धरलेला नाहीं, पट्ट्यांवर आपटणाऱ्या हवेचा आवाजही धरलेला नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें १९९९ सालीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनांत निजण्याच्या खोलींत रात्रीं ३० डेसिबेल आणि वर्गांत शिकवितांना मागचा आवाज ३५ डेसिबेल, यांहून अधिक नसावा असें म्हटलें आहे. आपल्या देशाच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठीं रात्रीची मर्यादा ४५ डेसिबेल आहे, आणि तींत रस्त्यावरचा सारा आवाज आला. सर्व वस्तीस मिळून जेवढी मुभा, तिच्या जवळपास एक लहानशी पेटी एकटी जाऊन पोंचते.

शिवाय हे सर्व आंकडे २२ ते २५ अंशांच्या खोलींतील परीक्षांवर बेतलेले. कोणताही लिक्विड कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेहून थंड करूं शकत नाहीं, हें विसरतां कामा नये. प्रोसेसर ९५ अंशांस पोंचला कीं आपला वेग आपणच कमी करतो असें धरलें, तर २५ अंशांच्या खोलींत त्यास ७० अंशांचें अंतर मोकळें मिळतें. मे महिन्यांत आमच्या ४३ अंशांच्या खोलींत अवघें ५२. जो पंखा अन्यत्र अर्ध्या वेगानें फिरून भागतें तो येथें पूर्ण वेगानें फिरतो. पेटीवरचा सौम्य आंकडा दुसऱ्या कोठल्या तरी हवेचा असतो आणि घरघर मात्र आपल्या हवेची असते. यावर एक उपाय साधा आहे, तो म्हणजे खोलीचीच हवा थंड करणें. म्हणजे पुनः आमचा तो पत्र्याचा पेटारा! त्याच्या वाऱ्यानें खोली ३० अंशांवर आली कीं चार हजारांच्या शीतकानें जें साधत नव्हतें तें सहज साधतें. मात्र ओल्या वाऱ्याचा झोत संगणकाच्या पेटीवर सरळ येऊं देऊं नये.

यावर एखादा विद्यार्थी म्हणेल कीं, खोलींत कूलर एवढा गर्जत असतां संगणकाची घरघर ऐकूं येते कोणास? मेच्या दुपारीं हें खरें आहे. परंतु वर्षांतील उरलेल्या महिन्यांचें काय? दिवाळीनंतर, कूलर अंगणांत पालथा पडलेला असतां, रात्रीं नऊ वाजतां जो अभ्यास चालतो त्यावेळीं घरांत दुसरा आवाज नसतो. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं घरें दोन खोल्यांचीं आहेत. एका खोलींत स्वयंपाक, दुसरींत इतर सर्व. त्याच खोलींत आजी निजलेली असते, धाकटी बहीण पाढे म्हणत असते, बाबा पहाटेच्या पाळीस जावयाचे म्हणून लवकर पडलेले असतात. ज्यास यंत्राचा उपयोग आहे त्यास त्याची घरघर सोसणें जड जात नाहीं. ज्यांस उपयोग नाहीं त्यांसही ती सोसावी लागते, हा यांतला अन्याय आहे. आजी तक्रार करीत नाहीं म्हणून तिला ऐकूं येत नाहीं असें कोणी समजूं नये.

कानांवर हेडफोन लावले म्हणजे प्रश्न मिटला, हेंही आम्हांस मान्य नाहीं. तसें करणारा एक आवाज झांकण्यासाठीं त्याहून मोठा आवाज कानांत ओततो, आणि खोलींतल्या इतरांस जेथल्या तेथें ठेवतो.

दुसराही एक विचार मनांत येतो, तो मोहर्लीच्या मुलांपुढें ठेवण्याचें धाडस करतों. त्यांच्यापैकीं अनेकांच्या घरचीं माणसें जंगलांत पर्यटकांस वाट दाखवितात. वाघ पाहावयाचा तर जिप्सी थांबवून प्रथम इंजिन बंद करावें लागतें, हें त्यांस सांगावयास नको. मग चितळाचा इशारा कोणत्या बाजूनें आला, वानर एकदांच खोकललें कीं पुनः पुनः, सांबरानें साथ दिली कीं नाहीं, यांवरून न दिसणारा वाघ कोणत्या नाल्यानें चालला आहे तें ताडतां येतें. रात्रीं रातवा बोलतो तो किती अंतरावर, हें या मुलांस सहज कळतें. हे कान शाळेनें दिलेले नाहींत आणि दुकानांत मिळत नाहींत. असें मूल रोज तीन-चार तास एकसुरी घरघरीशेजारीं बसूं लागलें तर त्याचे कान बिघडतील असें आम्ही म्हणत नाहीं. तेवढा मोठा तो आवाज नसतो. परंतु ऐकूं येणारें न ऐकण्याची संवय त्यास लागेल, आणि ही संवय लागावी असें आम्हांस वाटत नाहीं.

दुकानदारांवर सारा दोष टाकणें बरोबर होणार नाहीं. गिऱ्हाईक दिवे मागतें, तो दिवे ठेवतो. कारखानदारास चार हजारांत पंप, तांब्याची चकती, रेडिएटर, नळ्या, दोन पंखे आणि रोषणाई एवढें सारें बसवावयाचें असतें. कोठें तरी कात्री लावावी लागते, आणि जो भाग चित्रांत चांगला दिसून आवाजांत वाईट निघतो त्यालाच ती लागते. लिक्विड कूलर सर्वत्र निरुपयोगी आहे असेंही नव्हे. ज्यास तासन् तास चित्रफितींचें काम करावयाचें आहे, ज्याचा प्रोसेसर खरोखर २०० वॅटांच्या वर उष्णता टाकतो, किंवा ज्याच्या लहान पेटींत उंच हवेचा कूलर मावत नाहीं, त्यानें तो अवश्य घ्यावा. मात्र चांगला घ्यावा, किंवा चांगला घेण्याइतके पैसे जमेपर्यंत थांबावें. शाळेचा अभ्यास, थोडी प्रोग्रॅमिंग आणि सुट्टींतला एखादा खेळ एवढ्यासाठीं जो प्रोसेसर लागतो, त्याची उष्णता १२० मिलिमीटरच्या एका सावकाश पंख्याचा हवेचा कूलर निमूटपणें वाहून नेतो. त्यांत पंप नाहीं, गळण्यास पाणी नाहीं, आणि नळ्यांतून वर्षानुवर्षें सूक्ष्म प्रमाणांत उडून जाणारा द्रवही नाहीं. पंखा बिघडलाच तर तोच एक बदलावयाचा.

सरकारकडेही एक मागणी करावीशी वाटते. छताच्या पंख्यांवर वीज किती लागते हें ताऱ्यांनीं दाखविणारें लेबल २०२३ सालापासून आपल्या देशांत सक्तीचें झालें. त्यानें वीज दिसूं लागली. आवाज अजून दिसत नाहीं. युरोपांत शीतकपाट, कपडे धुण्याचें यंत्र, वातानुकूलित यंत्र यांच्या लेबलांवर आवाजाचा डेसिबेलांतील आंकडाही छापावा लागतो. तोच नियम येथें पत्र्याच्या कूलरापासून संगणकाच्या शीतकापर्यंत सर्वांस कां लावूं नये? पूर्ण वेगानें, सर्व पंखे व पंप चालूं असतां, ४० अंशांच्या खोलींत मोजलेला आंकडा छापावयास लावला तर निम्मी जाहिरात आपोआप पुसली जाईल.

तोंपर्यंत पालकांनीं इतकें करावें. दुकानांत यंत्र पूर्ण वेगानें चालवून दाखविण्यास सांगावें, आणि बाजाराच्या गर्दीच्या वेळीं न जातां दुकान उघडतांच जावें, म्हणजे कानास कांहीं कळेल. ज्यांच्या घरीं असा कूलर आधींच आला आहे त्यांनीं तो फेंकून देण्याचें कारण नाहीं. संगणकाच्या मूळ सेटिंगांत पंख्याचा वेग ठरवितां येतो. तो एकदम न चढतां सावकाश चढेल असें करावें. प्रोसेसर क्षणांत तापतो व क्षणांत निवतो, परंतु पाणी हळूहळू तापतें. म्हणून प्रत्येक क्षणाच्या चढउताराबरोबर पंख्यानें ओरडण्याची मुळीं गरज नसते. वेग थोडा उतरविला तर तपमान बहुधा चारदोन अंशांनींच वाढतें, आणि घर शांत होतें. फाल्गुनांत, पानगळीची धूळ उडून बसल्यावर, रेडिएटरच्या पट्ट्या मऊ ब्रशानें साफ कराव्या. धूळ भरली कीं तीच हवा रेटण्यास पंख्यास अधिक वेग लागतो. साफ करतांना पातीं बोटानें धरून ठेवावीं, वाऱ्याच्या झोतानें भरधांव फिरूं देऊं नयेत.

आणि नवा घ्यावयाचाच असेल तर आणखी एक गोष्ट पेटी उघडून पाहावी. कांहीं स्वस्त कूलरांत दोन्ही पंखे एकाच लांब चौकटींत ओतलेले असतात. दिसण्यांत तें सुबक वाटतें, वायरही एकच लागते. परंतु एका पंख्याचें बेअरिंग गेलें कीं दोन्ही टाकावे लागतात, आणि त्या मापाचा दुसरा जोड मिळत नाहीं. दोन सुटे, १२० मिलिमीटरचे, चार पिनांच्या वायरचे पंखे असतील तर ते केव्हांही चार स्क्रू काढून बदलतां येतात, आणि असे पंखे चंद्रपूरलाही मिळतात.